हात लावण्याआधीचे चिंचोके

आमच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर स्टेथोस्कोपच्या शेजारी स्टीलच्या पाच वाट्या आणि चिंचोक्यांनी भरलेली एक बरणी असे. तापाने फणफणलेले तान्हे बाळ घेऊन कुणी आत आले, की बाई प्रथम बाळाकडे पाहत नसत, माझ्या हातातल्या कार्डाकडे पाहत. बाळाचे वय, महिना, गाव एवढे वाचून त्या आकडे सांगत आणि मी बरणीतून तितके चिंचोके काढून एकेका वाटीत टाकत असे. मग बाळाचे कपडे उतरवले जात आणि तपासणी सुरू होई. श्वास जलद दिसला, की "पहिलीत दोन." दूध जोराने ओढते असे आईने सांगितले, की "दुसरीतून तीन काढा." शेवटी वाट्या मोजल्या जात, आणि त्यानंतरच बाई आईशी बोलायला तोंड उघडत.

नेरूळला तेव्हा, ऐंशीच्या दशकात, वस्ती विरळ होती. नव्या इमारतींच्या दोन रांगा, मध्ये खडीचा रस्ता, आणि एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन गाळे जोडून केलेला हा दवाखाना. आसपासच्या फ्लॅटमधली नोकरदार माणसे येत, तुर्भ्याच्या खाणी-कारखान्यांकडच्या वस्तीतली येत, आणि करावे गावातल्या कोळणी तर सकाळची मासळी उरकून थेट टोपलीसह येत. त्यांच्यात बाईंचे नाव 'चिंचोकेवाली बाय' असे पडले होते. वाट्यांचा प्रकार म्हणजे कौल लावणेच, अशी त्यांची समजूत होती. एका आजीने तर वाट्यांना हात जोडून वर अबोलीची वेणी वाहिली होती. बाईंनी ती वेणी उचलून आजींच्याच हातात परत दिली आणि म्हणाल्या, "मावशी, कौल देव देतो. हे चिंचोके आधीच्या बाळांनी दिलेत."

हे वाक्य त्यांनी केवळ आजींची समजूत घालण्यासाठी म्हटले नव्हते. ते अक्षरशः खरे होते. बाई मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात बरीच वर्षे काढून, वयाच्या पंचेचाळिशीत, कुणालाही न पटेल अशा घाईने त्यांनी खाडी ओलांडली आणि हा दवाखाना थाटला. पहिल्या दिवसापासून त्या आलेल्या प्रत्येक बाळाची लक्षणे आखीव वह्यांत उतरवत, आणि पुढे काय निघाले तेही घरी माणूस पाठवून विचारून त्याच ओळीत लिहीत. परदेशात कुठेसे पोटदुखीचे निदान शक्यता मोजून, यंत्राच्या मदतीने करतात असे त्यांनी कधीतरी वाचले होते. यंत्र त्यांच्याजवळ नव्हते. वह्या होत्या, लॉगरिदमचा तक्ता होता, आणि दवाखान्यामागे चिंचेचे झाड होते.

मी तिथे कशी गेले ते थोडक्यात सांगायला हवे. संख्याशास्त्रातली पदव्युत्तर पदवी घेऊन मी सोळा वर्षे घर सांभाळले होते. मुले शाळेत जाऊ लागली तेव्हा, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, 'मोजणीच्या कामासाठी सुशिक्षित स्त्री हवी' ही दवाखान्याच्या दारावरची पाटी मी तीन दिवस येता-जाता वाचली आणि चौथ्या दिवशी यजमानांनी मला जवळजवळ ढकलूनच आत पाठवले. बाईंनी माझी प्रमाणपत्रे पाहिली नाहीत. एक वही पुढे सरकवून त्यांनी विचारले की यात काय चुकलेले दिसते. मी पाऊण तास वही वाचली आणि काहीच बोलले नाही. "उद्यापासून या," असे म्हणून त्यांनी मला चहा दिला. पाऊण तास गप्प बसणाऱ्या बाईने एखाद्या तरी चुकीवर बोट ठेवलेले असणार, असा अंदाज त्यांनी बांधला होता, हे मला फार उशिरा कळले.

अंदाज बरोबर होता. चूक मला त्याच दिवशी दिसली होती. जलद श्वास आणि आत ओढल्या जाणाऱ्या बरगड्या ही दोन लक्षणे बहुधा जोडीने येतात. बाई मात्र दोहोंचे चिंचोके वेगवेगळे टाकत, त्यामुळे न्यूमोनियाची वाटी एकाच गोष्टीसाठी दोनदा भरे. हे सांगायला मला तीन आठवडे लागले, आणि तेही मी तोंडाने सांगितले नाही. एका चिठ्ठीवर नीट अक्षरात लिहून ती चिठ्ठी मी त्यांच्या पेपरवेटखाली ठेवली आणि खाली नाव घातले नाही. बाईंनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अहो संख्याताई," त्या म्हणाल्या, "या दवाखान्यात आपण दोघीच असतो." त्या दिवसापासून मी संख्याताई झाले, आणि न्यूमोनियाच्या वाटीतले दोन चिंचोके कमी झाले.

पाच वाट्या म्हणजे पाच शक्यता: न्यूमोनिया, रक्तात पसरलेला संसर्ग, मेंदूज्वर, हिवताप, आणि आपोआप उतरणारा साधा ताप. सर्वांत भरलेली वाटी तीच खरी, असे बाईंनी कधीच मानले नाही. दोन वाट्या जवळजवळ सारख्या भरल्या तर त्यांचा चेहरा उजळे. कारण आपल्याला कळलेले नाही, हे आपल्याला वेळेवर कळले, असे त्या म्हणत. मला मात्र या सगळ्यात पहिली पायरी सर्वांत मोलाची वाटे. बाळाला हात लावण्याआधी, केवळ वय, महिना आणि गाव पाहून जे चिंचोके वाट्यांत पडत, त्यांच्यात मागची चार वर्षे साठलेली असत. तुर्भ्याच्या खाणींत पाणी साचते, डास होतात; तिकडचे बाळ आले की हिवतापाच्या वाटीत आरंभीच सहा चिंचोके. कराव्याला खारे पाणी, भरती-ओहोटी. तिथल्या बाळाला एकच. दवाखान्यात रक्ततपासणीची प्रयोगशाळा नव्हती. रक्त बाहेर पाठवले तर उत्तर यायला दोन दिवस लागत. एक जुना सूक्ष्मदर्शक होता, पण काचपट्टीला रंग चढवून ती नीट वाचायला बाईंना तास-दीड तास लागे, आणि बाहेरच्या बाकावर वीस बाळे रडत असत. म्हणून कोणाच्या टाचेतून रक्त घ्यायचे आणि कोणाच्या नाही, हे वाट्याच ठरवत.

बाईंना 'नक्की' या शब्दाचे वावडे होते. दारावर पापलेट घेऊन येणाऱ्या बाईने ते नक्की ताजे असल्याची ग्वाही दिली, की त्या घेत नसत. "सकालचा हाय, पन बरफावर व्हता, बगा तुमी," असे म्हणणारीकडून घेत. सोसायटीच्या सेक्रेटरींनी उद्या पाणी नक्की येणार असे कळवले, की त्या घरातले प्रत्येक भांडे भरून ठेवत, आणि बहुतेक वेळा त्यांचेच खरे ठरे. मीही एकदा एका बाळाबद्दल भीत भीत विचारले की ते नक्की बरे होईल ना. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, की होण्याचा संभव पुष्कळ आहे, आणि उरलेल्या संभवासाठी आपण दोघी उद्या सकाळी आठला इथे असणार आहोत. त्यांच्या माणुसकीची भाषा अशी होती. पुष्कळांना ती कोरडी वाटे. ज्या आयांनी त्यांना ओल्या हातांनी, पदर खोचून, रात्रभराच्या जागरणाने डोळे सुजलेल्या आईच्या बाळाला स्वतः वाटी-चमच्याने दूध पाजताना पाहिले होते, त्यांना वाटत नसे.

त्यांच्या स्वभावात एक अडचण होती, आणि ती आज लिहिताना मी झाकणार नाही. त्यांना गोष्टी ऐकवत नसत. बाकावर बसलेल्या बायका माझ्याशी बोलत. मी फारशी बोलत नसल्यामुळे जरा जास्तच बोलत. सुरुवातीला मी ते सारे कार्डाच्या मागच्या बाजूला टिपून ठेवी: कोणाच्या घरी कावीळ झालेली आहे, कोणाचे बाळ परवा जत्रेला नेले होते. एके दिवशी बाईंनी कार्ड उलटून पाहिले आणि ते माझ्यापुढे ठेवले. "ही मागची कादंबरी मी वाचणार नाही. तक्त्याला रकाना कळतो. रकान्यात बसेल तेवढं लिहा." त्यांचा सूर कडक नव्हता. पण मला कोणी हळू आवाजात थांबवले तरी मी कायमची थांबते. त्यानंतर बाकावरचे बोलणे मी ऐके आणि मनातच ठेवी.

गणपती नुकतेच गेले होते. करावे गावातली एक सासू आपल्या सुनेला आणि अडीच महिन्यांच्या नातीला घेऊन आली. सासू उंच, धिप्पाड, कपाळावर रुपयाएवढे कुंकू. सून विशीतली, नव्या हिरव्या बांगड्यांतून हातही न हलवणारी. बाळ दोन दिवस तापत होते. कार्ड भरताना मी गाव विचारले, आणि सुनेने तोंड उघडण्याआधी सासूबाईंनी सांगून टाकले, "करावे. कराव्याची हाय आमची पोर." मी करावे लिहिले. मग त्या पाणी प्यायला उठल्या, तेवढ्यात सून माझ्याकडे वळून हलकेच बोलू लागली. पहिलेच बाळंतपण होते, म्हणून माहेरी गेली होती. माहेर तुर्भ्याला, खाणीच्या अंगाला. तिथे बाळ इतके शांत होते, नुसते झोपून असायचे. इथे येऊन पाचच दिवस झाले, तर हे असे. सासूबाई म्हणतात माहेरहून नजर लागून आली. मी मान हलवली. सासूबाई परत आल्या आणि ती गप्प झाली.

आत गेल्यावर बाईंनी कार्ड वाचले. अडीच महिने, भाद्रपद, करावे. हिवताप एक, असे त्या म्हणाल्या आणि मी चौथ्या वाटीत एक चिंचोका टाकला. तो टाकताना माझा हात क्षणभर थांबला होता, हे मला स्पष्ट आठवते. मला गणित येत होते. बाळ झोपले तुर्भ्याला आणि मोजले गेले कराव्याला, हे माझ्याइतके त्या खोलीत कोणालाच दिसत नव्हते. पण रकाना गावाचा होता, गाव करावे होते, आणि बाई कामात होत्या. तपासणीत फारसे काही हाती लागले नाही. साध्या तापाची वाटी सर्वांत भरली. बाईंनी अंग पुसून घ्यायला, दूध चालू ठेवायला आणि उद्या सकाळी पुन्हा दाखवायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ आले तेव्हा ते रडतही नव्हते. ओठ आणि तळवे पांढुरके पडले होते, दूध तोंडातून गळत होते. बाईंनी पुन्हा वाट्या मांडल्या. सुस्ती, दूध न ओढणे, फिकटपणा. या वेळी दुसरी वाटी, रक्तातल्या संसर्गाची, भराभर चढत गेली. हिवतापाचीही वाढली, पण तिचा आरंभच एकापासून होता, ती मागे पडली. बाईंनी वेळ घालवला नाही. बाळाला खाडीपलीकडच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचे, त्यांनी ठरवले. बाळाचे वडील मासळीच्या टेम्पोवर होते; तो टेम्पो दारात आला. बाई चिठ्ठी लिहायला बसल्या. तिकडे गेल्यावर या चिठ्ठीवरूनच संसर्गाची औषधे सुरू होणार होती, आणि खरे दुखणे कोणी शोधीपर्यंत संध्याकाळ झाली असती. त्या बाळाकडे पाहून संध्याकाळ मला फार लांब वाटली.

मी टेबलाशी उभी होते. चिठ्ठीची तिसरी ओळ झाली. तेव्हा मी बोलले.

"बाई, ही मुलगी कराव्याची नाही."

बाईंनी लेखणी थांबवली. पण आधी बोलल्या त्या सासूबाई. "कराव्याची नाय म्हंजे? माज्या पोराची पोर हाय ती. तू कोन गो सांगनारी?"

एरवी मी तिथेच संपले असते. त्या दिवशी मी सासूबाईंकडे पाहिलेच नाही. बाईंकडे पाहून सांगितले, की बाळ जन्मल्यापासून तुर्भ्याला होते, खाणीपाशी, आणि इथे येऊन सहा दिवस झालेत. बाई उठल्या. सासूबाईंना वळसा घालून त्या सुनेपुढे गेल्या आणि तिला विचारले, की बाळ कुठे झोपत होते. सुनेने एकदा सासूकडे पाहिले.

"आयेकरं," ती म्हणाली. "खानीच्या बाजूला. मच्छर लय हाय तिकरं."

बाईंनी मला आकडा सांगितला नाही. मीच चौथ्या वाटीत पाच चिंचोके वाढवले. ती दुसरीच्या बरोबरीला आली. टाचेला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेतले गेले. बाकावरच्या वीस बाळांच्या आयांना मी काय सांगितले ते आठवत नाही. बोलले मात्र मीच. बाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या होत्या. टेम्पोवाला बाप दोनदा दारात येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा बाईंनी मान वर केली आणि मला पाहायला बोलावले. मला त्यातले काही कळत नव्हते, पण गुलाबी गोलांच्या गर्दीत निळसर अंगठ्या दिसत होत्या, आणि त्या पुष्कळ होत्या. हिवतापच होता; त्याच्या औषधाची पहिली मात्रा तिथेच नळीतून पोटात घातली गेली. संसर्गाची शक्यता बाईंनी तरीही सोडली नाही. त्याचेही पहिले इंजेक्शन दिले, नवी चिठ्ठी लिहिली, आणि रक्त भरावे लागेल म्हणून बाळ मांडीवर घेऊन स्वतः टेम्पोत बसल्या. मागे बर्फाच्या पेट्यांच्या मधोमध सासूबाई बसल्या होत्या. जाताना त्यांनी सुनेला हात देऊन वर ओढून घेतले, एवढे मला दिसले.

मुलगी वाचली. आठ दिवसांनी ती घरी आली, आणि सासूबाईंनी दवाखान्यात येऊन माझ्यासाठी सुक्या बोंबलांचे एवढे मोठे पुडके ठेवले की आमच्या शाकाहारी घरात त्याचे करायचे काय, हा प्रश्न पडला. त्या फक्त एवढेच म्हणाल्या, की पोर कराव्याचीच हाय, ह्ये ध्यानात ठेव.

बाई टेम्पोतून परतल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी दवाखाना उघडण्याआधी त्यांनी मला समोर बसवले. बाळ पहिल्यांदा आले त्या दिवशीच मला हे ठाऊक होते का, असे विचारले. मी होय म्हटले. मग का नाही सांगितले? रकाना नव्हता, असे मी म्हटले, आणि हे उत्तर किती भयंकर आहे ते म्हटल्यावर मला कळले.

"रकाना चुकला तो माझा," त्या म्हणाल्या. "गप्प बसलात ती चूक तुमची. माझी चूक आज दुपारपर्यंत दुरुस्त होईल. तुमचीला वेळ लागेल. रोज थोडी करा."

दुपारपर्यंत काही झाले नाही. त्यांची चूक दुरुस्त व्हायला दोन महिने लागले. कार्डावरचे 'गाव' आम्ही खोडले आणि 'गेला महिनाभर बाळ कुठे झोपले' असे लिहिले, हे सोपे होते. पण पहिले बाळंतपण माहेरी, आणि सून आली म्हणजे गाव सासरचे, हा रिवाज काही त्या एका घराचा नव्हता. चार वर्षांच्या वह्यांतली कितीतरी बाळे अशीच एकीकडे झोपलेली आणि दुसरीकडे नोंदलेली असणार. म्हणजे हात लावण्याआधीचे सगळेच चिंचोके संशयास्पद झाले. बाईंनी वह्या काखोटीला मारल्या, आणि दवाखाना मिटल्यावर आम्ही दोघी गावोगाव हिंडू लागलो. कराव्याच्या ओट्यांवर, तुर्भ्याच्या पत्र्याच्या खोल्यांत, नेरूळच्या तिसऱ्या मजल्यांवर आम्ही एकच प्रश्न विचारत होतो. बोलायचे काम बाईंनी माझ्यावर टाकले होते. स्वतः त्या मागे उभ्या राहत, छत्री टेकून, आणि चक्क गोष्टी ऐकत. एका ओट्यावर एका आजीने आपल्या चार मुलींची बाळंतपणे क्रमाने सांगितली, सव्वा तास. बाई हूं की चूं न करता ऐकत राहिल्या आणि परतताना म्हणाल्या, की यात तीन रकाने होते. सगळे उतरवून झाले तेव्हा एक गंमत निघाली. चार वर्षांत कराव्याच्या नावावर हिवतापाचे एकच तान्हे बाळ होते, आणि तेही खरे तर तुर्भ्याच्या आजोळी झोपलेले. ज्या एका चिंचोक्यावर आमची वाटी सुरू होत होती, तोसुद्धा कराव्याचा नव्हता.

त्यानंतर बाईंनी एक नवा नेम सुरू केला. वाट्या मोजून झाल्या, की आईशी बोलण्याआधी त्या माझ्याकडे वळत आणि थांबत. मला काही म्हणायचे नसले तर "नाही" असे मोठ्याने म्हणावे लागे. नुसती मान हलवलेली चालत नसे. आरंभी ते "नाही" म्हणतानाही माझे कान तापत. पुढे कधी कधी "नाही"ऐवजी दुसरेच काही निघू लागले. अशा एकूण किती बाळांच्या बाबतीत मी बाईंना अडवले आणि त्यांतल्या किती वेळा मी चुकले, याचीही त्यांनी वही ठेवली होती. मी चुकले ते प्रसंग अधिक होते. ते दाखवून त्या समाधानाने म्हणत, की चुकण्याइतके बोलू लागलात, हे बरे झाले.

दशक संपत आले तेव्हा नेरूळला दोन प्रयोगशाळा आल्या, तरुण डॉक्टर आले, रक्ताची उत्तरे संध्याकाळपर्यंत मिळू लागली. बाईंना दम लागू लागला होता. त्यांनी दवाखाना मुलाच्या वयाच्या एका डॉक्टरांकडे सोपवला, मलाही त्यांच्याकडे सोपवले, आणि त्या आपल्या गावी, विधवा धाकट्या बहिणीकडे निघून गेल्या. निरोपाचा समारंभ त्यांनी होऊ दिला नाही.

वर्षभराने पत्र आले की त्या हृदयविकाराने आजारी आहेत. मी एकटी गेले. माझा एकटीचा तो पहिला लांबचा प्रवास. बाई माजघरात तीन उशांना टेकून बसल्या होत्या. घोटे सुजलेले, ओठांवर निळसर छटा, दोन वाक्यांच्या मध्ये दम. नकळत मी त्यांचे श्वास मोजले. बहीण, भाचा, शेजारच्या काकू सगळे मला एका सुरात सांगत होते की आता पुष्कळच उतार आहे, दिवाळीपर्यंत नक्की हिंडू-फिरू लागतील. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मग त्यांनी डोळे उघडले आणि सगळ्यांना वगळून माझ्याकडे वळून थांबल्या, दवाखान्यात थांबत तशा.

"स्वतःच्या बाबतीत मी पक्षपाती आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा. मी दिवाळी बघेन का? शंभरातले सांगा."

बहिणीने माझा हात दाबला. भाचा माझ्याकडे असे पाहत होता की त्याचा अर्थ कोणालाही कळावा. मी पुष्कळ वेळ घेतला. पण या वेळी तो गप्प बसण्यासाठी नव्हता. मी मोजत होते.

"पंधराच्या वर नाहीत, बाई."

बहिणीने माझा हात सोडला. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र, दोन वाट्या सारख्या भरल्यावर यायचा तसा, मोकळेपणा आला.

"मी दहा धरले होते," त्या म्हणाल्या. "पाच तुम्ही मायेने वाढवलेत." मग दम घेऊन बहिणीला म्हणाल्या, "आता ही अळणी खिचडी बंद कर. दोन महिने गिळतेय."

बहीण डोळ्यांना पदर लावून स्वयंपाकघरात गेली आणि तिला चूल पेटवणेही सुचेना, तेव्हा तिला पाटावर बसवून आमटी मी केली. मीठही मीच घातले, नेहमीच्या अंदाजाने, पुरेपूर. बाईंनी आमटी-भात कालवून सावकाश, चवीने, शेवटच्या शितापर्यंत खाल्ला, आणि आणखी आहे का म्हणून विचारले.